टर्बोमधली काजळी: ब्यूखीच्या पेटंटपासून घरच्या अंगणापर्यंत

जुन्या डिझेल मोटारीचा टर्बोचार्जर अंगणात उघडला, की रॉकेलच्या ताटलीत सर्वांत आधी उतरते ती काजळी. गाडीची हेळसांड झाली म्हणून ती साचली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः या यंत्राच्या मूळ कल्पनेतच तिची सोय आहे.

स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे १८७९ मध्ये जन्मलेल्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याला एक गोष्ट खटकत होती. इंधनातील ऊर्जेचा मोठा हिस्सा तप्त धुराबरोबर वाया जात होता. त्याच धुराने टर्बाइन फिरवावे आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबावी, या विचाराचे पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतले. तो विचार व्यवहारात उतरायला वीस वर्षे लागली. १९२६ मध्ये ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांवरील दहा सिलिंडरांच्या इंजिनांची ताकद टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली.

धुरातून ऊर्जा घ्यायची, तर धुरातला मळही पत्करावा लागतो. जहाजांवर ही साफसफाई पुढे नित्यकर्मच झाली. इंजिनाचा भार उतरवून टर्बाइनवर पाणी सोडायचे, किंवा अक्रोडाच्या कवचांचा रवा धुराच्या वाटेत फुंकायचा. यंत्र न उघडता, चालू इंजिनातच!

१९३८ मध्ये झाउरर या स्विस कंपनीने टर्बो ट्रकवर आणला, १९७८ मध्ये मर्सिडीझ ३०० एसडीने तो डिझेल मोटारीत आणला. खरी अडचण मात्र १९९० च्या दशकात आली. धुराचा झोत कमीजास्त करणारी हलती पाती टर्बाइनभोवती बसली आणि मंद गतीतही गाडीला जोर मिळू लागला. पण शहरातल्या छोट्या फेऱ्यांत धूर पुरेसा तापत नाही. काजळी पात्यांच्या सांध्यांत बसते, पाती अडकतात आणि चढावर गाडी दम टाकते.

येथे जहाजावरच्या इंजिनीअरचे काम मोटारीच्या मालकाच्या गळ्यात पडते, तेही त्याच्या साधनांविना. म्हणून जाणकार कारागीर खोलण्यापूर्वी प्रत्येक भागाच्या जागेवर खूण करतात. पाती आणि त्यांना फिरवणारे कडे रॉकेलमध्ये भिजवून नायलॉनच्या ब्रशने घासतात. हवेच्या बाजूचे चाक ॲल्युमिनियमचे. कॉस्टिक सोडा ते खाऊन टाकतो. लोखंडी ब्रश किंवा वाळूचा मारा तर दोन्ही चाकांना वर्ज्य, कारण मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या शाफ्टचा तोल एका ओरखड्यानेही ढळू शकतो. मधला शाफ्ट सुटा करण्याचा मोह घरी टाळलेलाच बरा.

कोरडी काजळी हवेच्या दाबाने उडवणे ही तर सर्वांत वाईट सवय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. त्याचाच हा साका. तो ओलाच पुसावा, हातमोजे घालून.

जोडणीनंतर पात्यांचा दांडा बोटाने विनाअडथळा हलला पाहिजे, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी बेअरिंगमध्ये ताजे ऑइल सोडले पाहिजे. कोरडे बेअरिंग पहिल्याच मिनिटाला जळू शकते.