मेलरोझचे खाटीक आणि हाँगकाँगचा मेळा

रग्बी आपल्याकडे फारशी रुजली नाही. कलकत्त्याच्या साहेबलोकांनी १८७३ साली तिच्यासाठी एक क्लब काढला खरा, पण तो चार-पाच वर्षांतच गुंडाळला गेला. शिलकीत उरलेले चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी एक कप घडवून घेतला. नागांचे तीन कान आणि झाकणावर हत्ती, असा त्याचा थाट. ‘कलकत्ता कप’ या नावाने तो विलायतेस गेला आणि १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्याच्यासाठी झुंजत आले आहेत. आपले रुपये तेवढे तिकडे गेले, खेळ मात्र इकडे नावापुरताच राहिला!

तरीही या खेळाचे एक रूप असे आहे की, ते मराठी माणसाला चटकन उमजावे. ते म्हणजे सात गड्यांची रग्बी. कबड्डीतही गडी सातच असतात, तेव्हा आकडा तर आपल्या घरचाच. नेहमीच्या रग्बीत एकेका बाजूस पंधरा गडी असतात आणि ऐंशी मिनिटे रेटारेटी चालते. सातांच्या खेळात मैदान तेवढेच, शंभर मीटर लांबीचे; गडी मात्र निम्म्याहून कमी, आणि वेळ सात-सात मिनिटांचे दोन डाव. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा, हा नियम दोन्हीकडे सारखाच. पण सातांच्या खेळात मोकळी जागा इतकी की, नुसत्या अंगबळाचे काही चालत नाही. एक हुलकावणी साधली की गडी थेट पलीकडच्या रेषेपार! धिप्पाडांच्या खेळात चपळांना राज्य मिळाले ते असे.

हे सुचले कोणाला? विद्यापीठातल्या पंडिताला नव्हे, की लष्करातल्या सरदारालाही नव्हे. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर मेलरोझ नावाचे एक लहानसे गाव आहे. जुन्या मठाच्या भग्नावशेषांसाठी ते प्रसिद्ध. १८८३ साली तिथल्या रग्बी क्लबची तिजोरी रिकामी झाली होती. नेड हेग नावाच्या खाटकाच्या मनात आले की, स्पर्धा भरवावी आणि तिकिटे लावून पैसा उभा करावा. पण पंधरा-पंधरांचे अनेक सामने एका दुपारी बसायचे कसे? तेव्हा गडी कमी करा आणि वेळही कमी करा, असा तोडगा निघाला. डेव्हिड सँडरसन हा दुसरा खाटीक त्याच्या जोडीला होता. हिशेब साधा, बाजारातला. पण त्यातून एक नवा खेळ जन्मास आला.

२८ एप्रिल १८८३ रोजी ही स्पर्धा झाली. गावच्या स्त्रियांनी बक्षिसाचा कप दिला होता. अंतिम सामन्यात मेलरोझची गाठ शेजारच्या गाला गावाशी पडली. बरोबरी झाली म्हणून जादा वेळ खेळायचे ठरले. त्यात मेलरोझने चेंडू रेषेपार टेकवला आणि ‘आम्ही जिंकलो’ म्हणून सगळे सरळ मैदानाबाहेर चालू लागले! ठरलेला वेळ अजून संपलेला नव्हता. गालाकरांनी तक्रार केली, पण कप मेलरोझच्याच घरी राहिला. गावागावांतली चुरस सगळीकडे सारखीच, हे वाचताना मला आपल्या जत्रांतले कुस्त्यांचे फड आठवले.

पुढची नव्वद वर्षे हा खेळ बराचसा ब्रिटनमध्येच राहिला. सीमेवरल्या गावांनी तो उचलला, १९२६ पासून लंडनकडे मिडलसेक्सची स्पर्धा सुरू झाली. स्कॉटलंडच्या रग्बी संघटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९७३ साली, मरेफील्डवर देशोदेशींचे संघ प्रथमच सातांच्या सामन्यांसाठी जमले.

खरा डाव पलटला तो हाँगकाँगमध्ये. १९७५ साली तिथल्या रग्बी संघटनेचे अध्यक्ष टॉकी स्मिथ आणि रॉथमन्स या तंबाखू कंपनीचे इयन गो यांच्यात एका स्पर्धेची बोलणी झाली. सातांचा खेळ ठेवावा, ही स्मिथ यांची सूचना. त्या काळी रग्बी म्हणजे हौशी मंडळींचे सोवळे! खेळाडूने पैशाला शिवायचे नाही, असा कडक दंडक होता, आणि तो पुढे १९९५ पर्यंत टिकला. अशा सोवळ्यात एक सिगारेटवाला आणि एक विमान कंपनी यजमान होऊन बसले, याची मला अजून गंमत वाटते.

२८ मार्च १९७६ रोजी हॅपी व्हॅलीतल्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर बारा संघ उतरले. रग्बीची जुनी घराणी त्यांत नव्हती. होते ते जपान, कोरिया, श्रीलंका, मलेशिया, इंडोनेशिया, टोंगा, फिजी असे आशिया-पॅसिफिकचे, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचे. न्यूझीलंडच्या कँटाब्रियन्स संघाने ऑस्ट्रेलियाच्या वॉलरूज संघाला २४-८ असे हरवून पहिला मान मिळवला.

या मेळ्याची एक रीत मला फार आवडते. पहिल्या फेऱ्यांत हरलेल्यांना घरी धाडायचे नाही. त्यांच्यासाठी निराळी बक्षिसे ठेवायची. त्यामुळे दुबळ्या संघालाही शेवटच्या दिवशी जिंकण्यासारखे काहीतरी उरते, आणि विचित्र सोंगे घेऊन बसलेले प्रेक्षक त्याच्यासाठीही तितक्याच उत्साहाने ओरडतात.

दुसऱ्याच वर्षी, १९७७ मध्ये, फिजी जिंकले, आणि हाँगकाँगला आपला लाडका संघ सापडला. फिजी म्हणजे आपले गिरमिटिये जिथे उसाच्या मळ्यांत राबले तोच बेटसमूह. वस्ती दहा लाखांच्याही आत. वैसाले सेरेवी हा त्या बेटांचा जादूगार. १९९७ साली सातांचा विश्वचषक हाँगकाँगला भरला, तेव्हा अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा २४-२१ असा पराभव झाला. २००५ साली तिथेच पुन्हा विश्वचषक झाला. सेरेवी तेव्हा छत्तीस वर्षांचा, आणि कर्णधार. न्यूझीलंडला २९-१९ असे नमवून त्याने कप पुन्हा उचलला.

२०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने फिजीला झोडपले. चाळीसहून अधिक माणसे दगावली, गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओच्या ऑलिंपिकात सातांची रग्बी प्रथमच खेळली गेली. अंतिम सामन्यात फिजीने ब्रिटनला ४३-७ असे धुऊन काढले. आजवर त्या देशाला कोणत्याही खेळात ऑलिंपिकचे एकही पदक मिळाले नव्हते. आले ते थेट सोन्याचे. ज्या राज्याने खेळ दिला, त्यालाच त्याच्या जुन्या वसाहतीने हरवले होते. सरकारने सुट्टी जाहीर केली आणि पुढच्या वर्षी चक्क सात डॉलरची नोट काढली!

हाँगकाँगचा मेळा १९८२ पासून सो कोन पो इथल्या स्टेडियमवर भरत असे. १९९४ मध्ये ते नव्याने बांधून चाळीस हजारांचे केले. करोनामुळे २०२० आणि २०२१ साली मेळा भरलाच नाही. २०२४ मध्ये जुन्या मैदानाचा निरोप घेऊन २०२५ पासून तो कै तकला गेला. कै तक म्हणजे शहराचा जुना विमानतळ. घरांच्या गच्च्यांवरून विमाने अगदी खालून जात आणि समुद्रात घुसलेल्या धावपट्टीवर उतरत. १९९८ साली तो बंद झाला. १९७६ चे परदेशी पाहुणे याच विमानतळावर उतरले होते. आता त्याच जागी पन्नास हजार प्रेक्षकांचे, मिटत्या छताचे मैदान उभे आहे.