बेगड, छाप आणि रेडियम

बशीत कोमट पाणी घ्यायचं, त्यात कागदाचा नखाएवढा तुकडा सोडायचा आणि मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे. कागद आधी वळकटी करतो, मग पाणी पिऊन सैल पडतो. चिमट्यानं उचलून गाडीच्या दारावर टेकवला आणि ओल्या बोटानं हलकंच सरकवला, की कागद मागं राहतो आणि त्यावरचा आकडा तेवढा पुढं येतो. दुधावरच्या सायीसारखा पातळ, नुसता रंग. माझ्या गाडीचा आकडा 22. परभणीच्या गाड्यांची पाटी एमएच 22, म्हणून.

गाडी शर्यतीची आहे, अमेरिकेतल्या स्टॉक कारची प्रतिकृती, 1/24 मापाची. खरी गाडी पाच मीटर लांब असेल तर ही एकवीस सेंटीमीटर. खऱ्या गाडीवरचं फूटभर अक्षर इथं अर्ध्या इंचाचं होतं. झरी या आमच्या गावी ओसरीवर ती वाळत ठेवली होती, तेव्हा शेजारचा पोरगा बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला आणि म्हणाला, "काका, एवढं बारीक रेडियम कुठून मारून आणलं?"

मी त्याला सांगितलं की हे रेडियम नाही, डिकॅल आहे. पण सांगताना जाणवलं, की तो चुकलेला नाही. गाडीवर जे चिकटवायचं ते रेडियम, हे आपल्याकडं ठरलेलं आहे. शहरात जा नाहीतर आमच्या परभणी-जिंतूर रस्त्यावर उभे राहा, दुकानाच्या पाटीवर 'रेडियम' हाच शब्द दिसेल. ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं नाव, ट्रॉलीच्या फाळक्यावरची पट्टी, मोटारसायकलच्या टाकीवरचे महाराज, सगळं रेडियम.

या शब्दाचा प्रवास मोठा आहे. रेडियम हे मूलद्रव्य मारी आणि पिएर क्युरी यांनी 1898 मध्ये शोधलं. ते अंधारात प्रकाश देणाऱ्या रंगात मिसळता येतं हे कळल्यावर घड्याळांच्या तबकड्या त्यानं रंगू लागल्या. त्या रंगवणाऱ्या अमेरिकन मुली कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या, आणि त्यातल्या कित्येक जणी त्या विषानं गेल्या. पुढं घड्याळातून रेडियम गेलं, पण रात्री चमकणाऱ्या काट्यांना आपल्याकडं 'रेडियमचं घड्याळ' म्हणणं सुटलं नाही. मग रस्त्यावर चमकणाऱ्या पट्ट्या आल्या. त्या स्वतः प्रकाश देत नाहीत. त्यांच्यात काचेचे अगदी बारीक मणी असतात आणि समोरून पडलेला उजेड ते जिथून आला तिकडंच परत पाठवतात. उसाच्या हंगामात रस्त्याकडेला उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसते ती या मण्यांमुळं. चमकलं म्हणून तेही रेडियम. आणि शेवटी जे मुळीच चमकत नाही, त्या साध्या रंगीत विनाइललाही तेच नाव पडलं. धातू गेला, चमकही गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

पण चिकटवण्याचा सोस रेडियमपेक्षा जुना आहे. पोळ्याला बैलाची शिंगं घासायची, हिंगूळ लावायचा आणि त्यावर बेगड चिकटवायची, हे आमच्याकडं गाडीला रेडियम मारण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. बेगड म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, कागदासारखा. ज्यांच्या दावणीला बैल नाही ते मातीचे बैल पुजतात. त्यांनाही रंग, त्यांनाही बेगडीचा तुकडा. वितीएवढा बैल, त्याचं वशिंड, त्याची झूल, सगळं खऱ्यासारखं पण लहान. प्रतिकृती करून तिला खऱ्याचा साज चढवणं झरीला नवं नाही. भाषेनं मात्र बेगडीवर अन्याय केला. वरवरचं, खोटं ते 'बेगडी' झालं. ज्यानं वर्षभर राबलेल्या जनावराच्या शिंगाला स्वतःच्या हातानं बेगड लावली आहे, तो तिला खोटी म्हणणार नाही.

डिकॅलचं कूळ वेगळं. चित्र एका जागी छापून दुसऱ्या जागी उतरवायचं, ही त्यामागची कल्पना. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ती चिनी मातीच्या भांड्यांसाठी वापरात आली. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी 1756 मध्ये शपथेवर लिहून दिलं, की आपण सहा तासांत बाराशेहून जास्त फरशा छापल्या. हातानं रंगवणाऱ्याला त्या कामाला किती दिवस लागले असते, याचा अंदाज कुंभारकाम पाहिलेल्या कोणालाही येईल. पुढं एकोणिसाव्या शतकात हे छाप घराघरांत गेले. लोक पेट्या, पंखे, फुलदाण्या, जे हाती येईल त्यावर चित्रं उतरवू लागले. फ्रेंचांनी त्याला नाव दिलं देकाल्कोमानी, म्हणजे छाप उतरवण्याचं वेड. इंग्रजीत वेड गळालं आणि डिकॅल उरलं.

आपल्याकडं ते वेड शिवणयंत्रावर बसून आलं. माझ्या आईचं मशीन काळंभोर होतं आणि त्याच्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी. लहानपणी वाटायचं, ही कोणीतरी कुंचल्यानं काढली असणार. ती डिकॅल होती. रंग दिलेल्या लोखंडावर छाप उतरवायचा आणि वरून व्हार्निशचा हात द्यायचा, अशी कारखान्यातली रीत. सिंगर कंपनीच्या जुन्या मशीनवर याच पद्धतीनं मिसरचा स्फिंक्स बसलेला असे. जत्रेत पाण्यात बुडवून मनगटावर उतरवायचे छाप मिळायचे, ते त्याच कुळातले.

आता गाडीकडं येतो. 'स्टॉक' हा शब्द आपल्याला किराणा दुकानातून ठाऊक आहे: माल स्टॉकमध्ये आहे, स्टॉक संपला. स्टॉक कारमधला स्टॉक तोच. विक्रेत्याकडच्या मालातून उचलली आणि तशीच शर्यतीला आणली, ती स्टॉक कार. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात आणि नंतरही दक्षिणेकडच्या डोंगरातून हातभट्टीचा माल पोचवणारे चालक दिसायला साधी पण आतून चलाख केलेली गाडी ठेवत. पोलिसांना चकवताना कमावलेला हात ते रविवारी मातीच्या गोल मैदानावर दाखवत. बिल फ्रान्स यांनी 1948 मध्ये या शर्यतींना नॅस्कार ही संस्था मिळवून दिली. नॅस्कारची निव्वळ स्टॉक गाड्यांची पहिली शर्यत 19 जून 1949 रोजी शार्लट इथं झाली. पहिला आला ग्लेन डनअवे. तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या सापडल्या, माल वाहणाऱ्यांची ती जुनी युक्ती. त्याला बाद केलं आणि कॅन्सासचा जिम रोपर विजयी ठरला. पहिल्याच शर्यतीचा निकाल 'गाडी स्टॉक आहे की नाही' यावर लागला, हे मला फार बोलकं वाटतं.

कारण आज ती गाडी स्टॉक मुळीच नाही. नळ्यांचा सांगाडा, वर शर्यतीसाठीच बनवलेलं कवच. दार उघडत नाही, चालक खिडकीतून आत शिरतो. आणि पुढचे दिवे? ते नाहीतच. दिव्यांच्या जागी दिव्यांचं चित्र चिकटवलेलं असतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून दिलं. प्रतिकृती करणारा नेहमी हळहळतो, की आपले दिवे खोटे, नुसते डिकॅलचे. इथं खऱ्या गाडीचेच दिवे डिकॅलचे. 1/24 मापात मी जे करतो, तेच तिथं एकास एक मापात करतात.

या गाड्यांवर कंपन्यांच्या नावांची गर्दी झाली, त्याला एक कायदा कारण आहे. सुरुवातीला गाडीवर आकडा असायचा आणि गावच्या गॅरेजचं नाव, तेही कुंचल्यानं लिहिलेलं. 2 जानेवारी 1971 पासून अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. तंबाखूवाल्यांकडं पैसा तर पडून होता. विन्स्टन सिगारेट त्याच वर्षी नॅस्कारच्या मुख्य स्पर्धेची पुरस्कर्ती झाली. दुसऱ्या वर्षी, 1972 मध्ये, रिचर्ड पेटीच्या 43 क्रमांकाच्या गाडीवर एसटीपी या इंजिनच्या तेलात-इंधनात घालायच्या औषधाचं नाव आलं. कंपनीला गाडी पूर्ण लाल हवी होती, पेटी घरच्या निळ्या रंगावर अडून बसला. शेवटी दोन्ही रंग ठेवायचे ठरलं आणि तीच गाडी सगळ्यांच्या डोळ्यांत बसली. सात अजिंक्यपदं आणि 200 विजय मिळवणाऱ्या त्या माणसानं रंगासाठी हट्ट धरला, याचं मला कौतुक आहे.

माझ्या गाडीसारख्या प्रतिकृतींचंही जाहिरातीशी जुनं नातं आहे. एएमटी ही कंपनी नॅस्कारच्याच वर्षी, 1948 मध्ये डेट्रॉइटकडं सुरू झाली. ती फोर्डच्या विक्रेत्यांना नव्या गाड्यांच्या लहान प्रती करून द्यायची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातात गाडी द्यायची आणि बापाला मोठी विकायची. त्यातूनच 1958 मध्ये घरी जोडायचे सुटे संच आले, आणि संचासोबत डिकॅलचा कागद.

आपल्या पोरांनी मात्र असा कागद मिळण्याची वाट पाहिली नाही. 1996 च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरच्या बॅटवर कोणाचंच नाव नव्हतं. नंतर त्यावर एमआरएफ आलं, आणि गावोगावच्या बॅटींवर लाल स्केचपेननं तीच तीन अक्षरं उमटली. आमच्याही. ती जाहिरात होती हे आमच्या गावीही नव्हतं. ज्या कंपनीचं नाव आम्ही इतक्या निगुतीनं गिरवत होतो, तिची सुरुवात 1946 मध्ये मद्रासजवळ खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली, हे मला मोठेपणी कळलं. आपला शर्यतचालक नारायण कार्तिकेयन 2010 मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला, तेव्हा शेजारच्या मुलाच्या वयाची पोरं ट्रॅक्टरच्या प्रतिकृती करत होती: सनबोर्डचं बॉनेट, बाटलीच्या झाकणांची पुढची चाकं आणि बाजूला स्केचपेननं लिहिलेलं स्वराज नाहीतर महिंद्रा.

दुकानातलं रेडियम मी का लावलं नाही, हेही त्या पोराला सांगितलं. विनाइल मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं जाड असतं. 24 पट केलं की जवळजवळ अडीच मिलिमीटर. म्हणजे खऱ्या गाडीवर पत्रा ठोकल्यासारखं दिसेल. पाण्याचं डिकॅल बसतं ते डिंकावर. कागदावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पारदर्शक लाखेचा पापुद्रा, त्यात शाई. गाडीचा पृष्ठभाग आधी गुळगुळीत चमकदार करून घ्यावा लागतो, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. बुडबुडा आलाच तर सुईनं टोचायचा. माझा पहिला कागद वाया गेला तो माझ्याच अज्ञानानं: घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. काळ्या दारावर पिवळा आकडा लावला आणि तो शाईसकट अंधारात बुडाला. दुसऱ्यांदा पांढऱ्या तळाचा कागद आणला, तेव्हा 22 उठून दिसला.

पुरस्कर्ते मी गावातलेच घेतले. डाव्या दारामागं जिथं रोज चहा पितो ते हॉटेल, उजवीकडं खताचं दुकान, मागं पंक्चरवाला. बॉनेटवर मोठ्या सोनेरी अक्षरांत आईचं शिवणकाम, भोवती तिच्या मशीनवरची वेलबुट्टी. ती काढायला मशीनचा फोटो काढायला गेलो, तर अर्धी वेल गायब. वर्षानुवर्षं आम्ही ते मशीन रॉकेलच्या फडक्यानं पुसत आलो, त्यात व्हार्निश गेलं आणि व्हार्निशखालचा छाप गेला.

तुमच्या घरात तसं काळं मशीन असेल तर त्याला रॉकेल किंवा स्पिरिट लावू नका. मऊ सुती फडक्यावर मशीनचंच तेल दोन थेंब घ्या आणि हलक्या हातानं फिरवा. आणि आधी एक फोटो काढून ठेवा.