शून्यानें न केलेला भागाकार

आपल्या घरीं सुरळीत चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या संगणकावर गेला कीं अडून बसतो, ही तक्रार नवी नाहीं. तिच्या इतिहासांतील एक प्रकरण आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

१९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. त्याच्या प्रोसेसरची गति ४.७७ मेगाहर्ट्झ होती. पडद्यावरील चित्र क्षणभर थांबवावयाचें असल्यास कित्येक प्रोग्रॅमकार यंत्राकडून नुसते आंकडे मोजवून घेत : अमुक हजारांपर्यंत मोज, मग पुढें जा. १९८४ सालीं त्याच कंपनीचा अधिक जलद 'एटी' आला, तेव्हां हें मोजणें लवकर आटोपूं लागलें आणि खेळांतील पात्रें धांवत सुटलीं. पुढें कित्येक संगणकांवर 'टर्बो' नांवाचें बटण असे. जुन्या प्रोग्रॅमांसाठीं यंत्राची गति उतरविण्याची ती सोय होती.

बोर्लंड कंपनीनें १९८३ सालीं विक्रीस आणलेल्या टर्बो पास्कलमध्यें या दुखण्यावर पुढें एक शहाणपणाचा उपाय योजण्यांत आला. 'सीआरटी' नांवाच्या युनिटानें प्रोग्रॅम सुरू होतांच यंत्राची गति स्वतः मोजावी, असा तो उपाय. संगणकाचें घड्याळ सेकंदास सुमारें १८ टोले देतें. दोन टोल्यांत ५५ सहस्रांश सेकंदांचें अंतर पडतें. तेवढ्या अवधींत किती फेऱ्या होतात हें पाहावयाचें आणि त्या संख्येस ५५ नें भागावयाचें, म्हणजे एका सहस्रांश सेकंदाच्या फेऱ्या निघतात. १९९२ सालच्या सातव्या आवृत्तींत हें उत्तर ठेवण्यास जी जागा होती, तींत ६५,५३५ पर्यंतची संख्या मावे. त्या काळच्या यंत्रांना ती ऐसपैस होती.

१९९७ सालीं पेंटियम-२ सारखे प्रोसेसर आले. ५५ सहस्रांश सेकंदांत छत्तीस लक्षांहून अधिक फेऱ्या होऊं लागल्या आणि भागाकार त्या जागेंत मावेना. आतां, या घराण्यांतील प्रोसेसरांत शून्यानें भागणें आणि उत्तर जागेंत न मावणें, या दोहोंसाठीं धोक्याची घंटा एकच आहे. ती वाजतांच पडद्यावर 'रनटाइम एरर २००' उमटे, आणि त्या क्रमांकाचा अर्थ पुस्तकांत दिलेला : शून्यानें भागाकार. वहीच्या ओळींत उत्तर मावलें नाहीं म्हणून विद्यार्थ्यावर शून्यानें भागल्याचा आळ घेणाऱ्या परीक्षकाला आम्हीं शिक्षकांनीं काय म्हटलें असतें !

प्रोग्रॅमकाराची दैना पाहा. ग्राहकानें नवें यंत्र घेतलें, त्यावर प्रोग्रॅम उघडत नाहीं. लेखकाच्या जुन्या यंत्रावर तोच बिनतक्रार चालतो. बिचारा आपल्या लिखाणांतील एकूणएक भागाकार तपासतो, आणि शून्य कोठेंच सांपडत नाहीं. सांपडणार कसें ? दोष त्याची पहिली ओळ चालण्यापूर्वींच घडलेला. पुष्कळांनीं तर हें युनिट केवळ पडदा पुसण्यासाठीं किंवा अक्षरांना रंग देण्यासाठीं जोडलेलें. थांबण्याची आज्ञा त्यांच्या प्रोग्रॅमांत नव्हतीच. उलगडा होण्याची एक वाट अशी : प्रोग्रॅमांतील एकेक भाग काढीत जावें आणि उरलेला प्रत्येक वेळीं त्या परक्या यंत्रावरच चालवून पाहावा. शेवटीं युनिट जोडण्याची ओळ तेवढी उरते, आणि तरीहि तोच एरर येतो.

मूळ लिखाण हातीं असलेल्यांनीं दुरुस्त युनिट घेऊन प्रोग्रॅम पुन्हां तयार केले. ज्यांच्याजवळ फक्त तयार फाइल होती, त्यांच्यासाठीं फाइलींतील तेवढेच बाइट बदलणारीं छोटीं साधनें निघालीं. त्यांतील कांहीं साधनें उत्तर ६५,५३५ वरच अडवीत. प्रोग्रॅम सुरू होई, पण त्यांतील विराम आंखूड पडत.

मोठ्या कंपन्याहि या फेऱ्यांतून सुटल्या नाहींत. ३५० मेगाहर्ट्झ व त्याहून जलद अशा 'के६-२' प्रोसेसरांवर विंडोज ९५ कधीं सुरू होई, कधीं होत नसे. तेथेंहि फेऱ्या मोजून केलेला भागाकारच आडवा आला होता, आणि मायक्रोसॉफ्टला त्यासाठीं दुरुस्ती द्यावी लागली.

टर्बो पास्कलचे ते जुने प्रोग्रॅम आजहि कांहीं हौशी लोक 'डॉसबॉक्स' या नकली संगणकांत चालवितात. तेथें यंत्राची गति हवी तितकी उतरवितां येते, आणि मूळ, दुरुस्त न केलेली फाइलहि निमूटपणें उघडते.