डिश फिरवणारी मोटर

उपग्रह टीव्हीचा इतिहास वाचताना माझं लक्ष उपग्रहापेक्षा परसातल्या मोटरीकडेच जास्त जातं. 1976 साली कॅलिफोर्नियात टेलर हॉवर्ड या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकाने घरी बनवलेल्या डिशवर एचबीओचे कार्यक्रम पकडले. 1979 मध्ये अमेरिकेत अशा डिशसाठी परवान्याची सक्ती उठली आणि केबल न पोचलेल्या खेड्यापाड्यांत दहा-दहा फुटी डिश उभ्या राहिल्या.

पण वाहिन्या वेगवेगळ्या उपग्रहांवर. दर वेळी बाहेर जाऊन ते धूड हलवणार कोण? उत्तर दुर्बिणीच्या बैठकीत आधीपासून होतं. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर एका कमानीत दिसतात. बैठकीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवून डिशला किंचित कल दिला, की एकच मोटर तिला सगळ्या कमानीवरून फिरवते. घरात बसून बटण दाबायचं, बस्स!

जानेवारी 1986 मध्ये एचबीओने प्रक्षेपण कुलूपबंद केलं, मग इतरांनीही. मोटर फिरायची, पण पैसे भरून डिकोडर घेतल्याशिवाय चित्र दिसेना.

आपल्या छपरावरची छोटी डिश एकाच दिशेला बघते, म्हणून तिला मोटर लागत नाही. सोय झाली खरी. पण कुठल्या उपग्रहाकडे बघायचं ते आता कंपनी ठरवते. त्या शेतकऱ्याच्या हाती निदान बटण तरी होतं.