दम्याला रजिस्टर नव्हतं

प्राथमिक आरोग्य केंद्रांचा इतिहास बहुधा डॉक्टरांच्या आठवणींतून किंवा सरकारी अहवालांतून सांगितला जातो. मी तो साठा नोंदवहीतून सांगणार आहे. माझी सगळी नोकरी मावळात, केंद्राच्या औषधखिडकीमागे, औषधनिर्माता म्हणून झाली. काय आलं, काय खपलं आणि काय कधी मागवलंच गेलं नाही, हे त्या वहीइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

ऐंशीच्या दशकातल्या वहीत दम्यासाठी चारच ओळी असत: साल्ब्युटामॉलच्या गोळ्या, डेरिफायलीनची इंजेक्शनं, डेक्साची इंजेक्शनं आणि खोकल्याचं पातळ औषध, जे रुग्णाने घरून आणलेल्या बाटलीत ओतून द्यायचं. हा साठा वर्षातून तीनदा झपाट्याने उतरे. चैत्र-वैशाखात शेतात राब भाजतात तेव्हा, आषाढात ओली लाकडं चुलीत धुमसतात तेव्हा आणि भाताच्या झोडणीला, भुसकट उडतं तेव्हा. माणूस खांद्याचा आधार घेत यायचा, बाकावर पुढे वाकून बसायचा. शिरेतून सुई दिली की थोड्या वेळात घरघर कमी व्हायची, ओठांचा निळेपणा जायचा आणि तो चालत घरी जायचा. केसपेपरवर ‘दमा, इंजेक्शन दिले’ एवढी नोंद. महिन्याने तोच माणूस परत आला की नवा केसपेपर.

ती सुई खोटी नव्हती, तिने जीव वाचवले आहेत. पण डेरिफायलीन आवळलेली श्वासनळी काही तासांपुरती सैल करतं. नळीच्या आतली सूज तशीच राहते आणि दमा म्हणजे मुळात ती सूज. डेक्सा ती उतरवतं, पण ते सगळ्या अंगात भिनतं, म्हणून रोज देता येत नाही. सूज ताब्यात ठेवायला रोजचं, अल्प मात्रेचं, थेट छातीत जाणारं औषध लागतं. त्यासाठी रुग्णाचं नाव कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. दम्याच्या रुग्णाचं ते कुठेच नव्हतं.

असं का झालं, याचं उत्तर केंद्रांच्या जन्मात आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 साली खेड्यापाड्यांत आरोग्य केंद्रं उभारण्याचा आराखडा दिला. 1952 साली समाजविकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर केंद्रं उभी राहू लागली. तेव्हा देशापुढे हिवताप, देवी, पटकी आणि क्षय होता. 1962 साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला आणि खोकल्याला केंद्रात एक वाट मिळाली: थुंकी तपासा. जंतू सापडले तर रुग्णाचं कार्ड, महिन्यांचा हिशेब, औषध चुकवलं तर घरी जाणारा कर्मचारी, सगळं तयार. मला त्या व्यवस्थेबद्दल आजही आदर आहे. पण थुंकी निगेटिव्ह आली की ती वाट तिथेच संपायची. खोकणारा माणूस खोकतच घरी जायचा. त्यांत पूर्वी क्षय होऊन बरे झालेलेही असत. जंतू गेलेले, पण फुप्फुसं वाळलेली आणि चढावर धाप.

मग लोक आपापली सोय करत. अडुळशाचा काढा घरोघरी होता. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला माणसं लांबलांब जात. मृगाला हैदराबादला जिवंत माशातून औषध घ्यायला जाऊन आलेलेही माझ्या खिडकीशी उभे राहिले आहेत. मी त्यांना कधी हसलो नाही. जिथे वर्षभराचा उपचार मिळत नाही, तिथे वर्षातून एकदा मिळणाऱ्या औषधावर माणूस श्रद्धा ठेवतोच. आणि जुन्या उपायांत तथ्य मुळीच नव्हतं, असंही नाही. दम्यात धोतऱ्याचा धूर ओढायची आपल्याकडची रीत 1802 साली मद्रासहून इंग्लंडला गेली आणि तिथल्या डॉक्टरांनी ती उचलली. धोतऱ्यातल्या ॲट्रोपीनच्या कुळातलंच इप्राट्रोपियम आज नेब्युलायझरमध्ये घालतात. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सीन बनलं, तेही माझ्या कपाटात असायचं.

पंपाची, म्हणजे इनहेलरची, गोष्ट मात्र लांबची. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता. केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही मिळत, असं तिने विचारलं आणि त्यातून 1956 साली पहिला पंप बाजारात आला. 1969 साली साल्ब्युटामॉलचा आला आणि 1972 च्या सुमारास बेक्लोमेथासोनचा, म्हणजे सूज रोज ताब्यात ठेवणारा. दम्याच्या उपचाराचा खरा इतिहास या शेवटच्या पंपापासून बदलला, असं माझं ठाम मत आहे. भारतातही पंप लवकरच बनू लागले. शहरातल्या दुकानांत ते होते. माझ्या वहीत नव्हते.

गोळी स्वस्त, पंप महाग, हे कारण नेहमी सांगितलं जायचं. पण हिशेब मात्रेचाही करायला हवा. साल्ब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची. पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिश्शाचा, आणि तो थेट श्वासनळीत जातो. गोळी रक्तातून सगळीकडे फिरते. एक आजी दर पावसाळ्यात मला सांगायच्या, “दादा, गोळी नको, सुई दे. गोळीनं हात कापत्यात, काळीज उडतं.” त्या नेमकं औषधशास्त्रच सांगत होत्या.

लोकांच्या मनातही पंपाची भीती होती, अजून आहे. पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत नाही, लग्नाच्या मुलीच्या हातात तर दिसताच कामा नये. ही भीती बोलून जाते, पण बोलायला पाच मिनिटं लागतात आणि पंप ओढायला शिकवायला आणखी पाच. सकाळच्या ओपीडीत ती दहा मिनिटं कुणाच्याच वाट्याला धरलेली नव्हती.

साधनं मात्र साधी होती. फुंकर मोजणारं पीक फ्लो मीटर मार्टिन राइट यांनी 1959 साली जगापुढे ठेवलं. पुढे त्याची हातात मावणारी प्लॅस्टिकची नळी झाली, तिला वीजही लागत नाही. रक्तदाबाचं यंत्र प्रत्येक केंद्राच्या टेबलावर होतं, श्वासाचं नव्हतं. 1999 साली केपटाउनमध्ये डॉ. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला पंप नीट बसवला, तर ती लहान मुलांसाठी विकतच्या स्पेसरइतकंच, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या नळकांड्याइतकंच, काम करते. गरिबांच्या दवाखान्याला याहून उपयोगी शोध कोणता?

आता बायकांबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मावश्यांनी उभ्या जन्मात विडी ओढली नव्हती, तरी छाती विडीवाल्याची. दिवसातले कित्येक तास चुलीपुढे, वर तव्यावर भाजलेल्या मशेरीचा धूर. त्यांना आम्ही दमाच म्हणत राहिलो. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, हा शब्द केंद्रात फार उशिरा आला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं. याच संस्थेने 1 फेब्रुवारी 2011 रोजी एका दिवसात 880 शहरा-गावांतल्या डॉक्टरांकडून 2,04,912 रुग्णांची नोंद गोळा केली. निम्म्याहून जास्त लोक श्वसनाच्या तक्रारी घेऊन आले होते. 2016 सालच्या भारतासाठीचा अंदाज आहे सीओपीडीचे 5 कोटी 53 लाख आणि दम्याचे 3 कोटी 79 लाख रुग्ण.

2010 साली असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या नावात कर्करोग होता, मधुमेह होता, हृदयविकार आणि पक्षाघात होता. श्वास नव्हता. माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा आशाताईंच्या हातात नवा फॉर्म आला, त्यात स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, हा प्रश्न होता. तो छापलेला पाहून मला फार बरं वाटलं. 2015 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ब्युडेसोनाइडचा, म्हणजे सूज रोज ताब्यात ठेवणारा, पंपही आहे. पण मी निवृत्त होईपर्यंत माझ्या खिडकीतून तो एकाही रुग्णाला गेला नाही.

यादीत असणं आणि कपाटात असणं यांत एक मागणीपत्र असतं. ते कुणीतरी भरावं लागतं आणि भरायला भाग पाडावं लागतं. तुमच्या केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर पंचायतीची माणसं असतात. पुढच्या बैठकीआधी त्यांना गाठा आणि तीन गोष्टी विचारायला सांगा: रोज ओढायचा पंप साठ्यात आहे का, फुंकर मोजायची नळी आहे का, आणि धाप लागणाऱ्यांची नावं एका रजिस्टरमध्ये लिहिली जातात का. उत्तर ‘नाही’ असं आलं, तर ते इतिवृत्तात लिहून घ्या.