नऊ की सोळा?

आठ आणि एक किती? नऊ, असं आपण म्हणाल. समांतर संगणकाला विचारलं तर तो कधी नऊ म्हणेल, कधी सोळा. आणि दोन्ही उत्तरं बरोबर असतील.

१९९०च्या सुमारास अनेक प्रोसेसर जोडून केलेले संगणक पुढे आले. यांतल्या बऱ्याच यंत्रांत प्रत्येक प्रोसेसरची मेमरी स्वतंत्र होती. एकाकडची माहिती दुसऱ्याला हवी तर ती निरोप म्हणूनच धाडायची. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली तयार केलेला 'परम ८०००' याच जातीचा. पण प्रत्येक यंत्राची निरोपाची पद्धत निराळी. एकावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. एप्रिल १९९२मध्ये अमेरिकेत विल्यम्सबर्गला तज्ज्ञ जमले, १९९३मध्ये डॅलसच्या एका हॉटेलात दर सहा आठवड्यांनी बैठका झाल्या आणि १९९४ साली 'एमपीआय' हे सामाईक मानक निघालं.

आता त्या नवाकडे येऊ. समजा, हवामानाच्या हजार नोंदी पाठवायच्या आहेत. प्रत्येक नोंदीत दशांश चिन्हाची एक संख्या, तिला आठ बाइट; आणि एक अक्षर, त्याला एक. माहिती झाली नऊ बाइटांची. पण अशी संख्या आठने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच ठेवायची, ही बहुतेक यंत्रांची रीत. म्हणून अक्षरामागे सात बाइट रिकामे सुटतात आणि दुसरी नोंद सुरू होते ती सोळा बाइटांनंतर. घर नऊ फुटांचं, पण अंगण धरून प्लॉट सोळाचा. शेजाऱ्याचं दार शोधायचं तर प्लॉट मोजावा लागतो. प्रोग्रॅमरने नऊ धरले की पहिली नोंद नीट जाते, दुसरीपासून भलतंच काही जातं. आणि यंत्र तक्रार करीलच असं नाही. आकडे येत राहतात, फक्त ते खोटे असतात.

म्हणून एमपीआयने दोन प्रश्न वेगळे ठेवले. 'साइझ' म्हणजे माहिती किती आणि 'एक्स्टेंट' म्हणजे जागा किती. अंदाज बांधू नका, विचारा. त्या मंडळींचं हे मोठंच शहाणपण, असं मला वाटतं.

मात्र विचारण्याच्या रीतीत एक खोट राहिली. शास्त्रज्ञांच्या लाडक्या फोरट्रान भाषेत हे उत्तर साध्या पूर्णांकात येई. तो सहसा ३२ बिटांचा. २,१४,७४,८३,६४७च्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. मेमरी तर दोन गिगाबाइटच्या पलीकडे चाललेली. १९९७च्या एमपीआय-२ने 'टाइप गेट एक्स्टेंट' हा नवा प्रश्न दिला, त्याचं उत्तर पत्त्याच्या मापाचं. जुना प्रश्न वापरू नका, असंही बजावलं. ऐकतो कोण! अखेर २०१२मध्ये एमपीआय-३ने तो मानकातूनच काढून टाकला.

त्यामुळे जुने प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर अडू लागले. सी भाषेत दुरुस्ती सोपी आहे. फोरट्रानमध्ये नुसतं नाव बदलून भागत नाही, उत्तर ठेवायची जागाही रुंद करावी लागते. ती करायची राहिली, तर आठ बाइटांचं उत्तर चार बाइटांच्या खोलीत शिरतं आणि उरलेले चार शेजारच्या आकड्यावर लिहिले जातात. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये कंपायलर त्याबद्दल बहुधा अवाक्षरही काढत नाही.