कमोडोर ६४ आणि दूरध्वनीची तार

तारायंत्राची कटकट ऐकून एकेक अक्षर टिपून घेणारा तारमास्तर आपणांस ऐकून तरी ठाऊक असेल. आतां त्याच मास्तराला कचेरीची सारी कारकुनी सांगितली, आणि वर शेजारच्यानें घटकेघटकेला त्याचा हात धरून ठेवला, तर तो तारा बिनचूक उतरून घेईल काय? १९८२ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची दूरध्वनीच्या तारेवर हीच गत झाली होती.

मोडेम हें यंत्र तारेवरील स्वरांचें विजेच्या ठोक्यांत रूपांतर करी. परंतु ते ठोके एकामागून एक येत, आणि आठ-आठ एकत्र करून त्यांचें अक्षर जुळविण्यास कोणीतरी लागे. त्यासाठीं ६५५१ नांवाची स्वतंत्र चिप मिळत असे. कमोडोरच्या यंत्रांत ती नव्हतीच! तिचें सोंग तेवढें यंत्राच्या कायम स्मृतींतील सूचनांकडून वठविलेलें होतें; म्हणजे मुख्य प्रोसेसरनेंच हातचें काम टाकून प्रत्येक ठोका मोजावयाचा.

ही काटकसर मला अविचाराची वाटत नाहीं. त्या वेळचे स्वस्त घरगुती मोडेम सेकंदास ३०० ठोक्यांचे होते. प्रोसेसर सेकंदाला सुमारें १० लक्ष आवर्तनें करी. तेव्हां दोन ठोक्यांमध्यें त्याला ३,३०० आवर्तनांची सवड सांपडे. परंतु वेग २४०० झाला कीं ही सवड ४१७ वर येई, आणि ९६०० ला जेमतेम १०४ उरत. त्यांतच पडद्यावरील अक्षरें सांभाळणारी चिप दर आठ रेषांनीं प्रोसेसरला चाळीसएक आवर्तनें थांबवून धरी. ठोका हुकला कीं अक्षर बिघडलें. परगांवच्या टेलिफोनचें बिल मात्र चालूच! मग वापरणारा तारेला दोष देई, अधिक महाग मोडेम आणी, आणि पुन्हां तोच गोंधळ.

(‘बॉड’ हा शब्द मीं येथें बुद्ध्या टाळला आहे. २४०० च्या मोडेमचा स्वर सेकंदांत ६०० वेळांच बदले व प्रत्येक बदलांत ४ ठोके सामावलेले असत. तरी पुष्कळ लोक त्यास २४०० बॉडच म्हणत.)

१९८९ सालीं जॉर्ज हग यांनीं ‘ट्रान्झॅक्टर’ या कॅनडांतील नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, त्या मूळ सूचनांतच दोष आहेत. त्यांनीं नव्यानें लिहिलेल्या सूचनांवर तेंच यंत्र २४०० च्या वेगानें खात्रीनें चालूं लागलें. एकही नवा भाग न जोडतां हें साधलें, याचें मला विशेष कौतुक वाटतें.

त्याहून पुढें जाण्यासाठीं मात्र लोकांनीं मास्तराला मदतनीसच नेमून दिला. १९९० च्या सुमारास ‘स्विफ्टलिंक’ नांवाची कार्ट्रिज निघाली. (काढणाऱ्या कंपनीचें नांव ‘डॉ. ईव्हिल लॅबोरेटरीज’, म्हणजे दुष्ट डॉक्टरांची प्रयोगशाळा!) तिच्या पोटांत होती ती वगळलेली ६५५१ चिपच. तिला दुप्पट गतीचा स्फटिक जोडल्यामुळें ती १९,२०० ऐवजीं ३८,४०० ठोके घेऊं शके. प्रोसेसरला आतां दर ठोक्यास न उठतां दर अक्षरास उठावें लागे. तरीहि ३८,४०० ला सुमारें २६० आवर्तनांत एक अक्षर येऊन थडके, आणि चिपेच्या पदरीं एकच अक्षर राही. दुसरें पुरें होण्यापूर्वीं पहिलें उचललें नाहीं, तर एक गेलेंच. म्हणून ‘थांब’ आणि ‘येऊं दे’ हें सांगणारी वेगळी तार मोडेमपर्यंत न्यावी लागे, व फ्लॉपीवर कांहीं लिहावयाचें झाल्यास प्रोग्रॅमला आधीं ‘थांब’ म्हणावें लागे. ती एक तार जोडलेली नसेल, तर स्विफ्टलिंक असूनहि अक्षरें गळत.